गीज बेंडच्या गोधड्या : एका सावडीचा धडा

जीर्ण झालेले कापड फेकून न देता त्याचे पांघरूण करण्याची कला जगातील अनेक समाजांत आढळते. महाराष्ट्रात तिला गोधडी म्हणतात; काही भागांत वाकळ हा शब्द रूढ आहे. विरलेली लुगडी, धोतरे आणि सदरे यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने ती शिवली जाते. या कामाची गणना आजवर घरकामात होत आली आहे. उद्योगात ती क्वचित झाली आणि कलेत त्याहूनही क्वचित. अशा स्थितीत, ज्या एका खेड्यातील स्त्रियांच्या गोधड्या प्रथम उपजीविकेचे साधन बनल्या आणि पुढे नामांकित कलासंग्रहालयांच्या भिंतींवर पोहोचल्या, त्या खेड्याचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या विलकॉक्स जिल्ह्यातील गीज बेंड हे ते खेडे होय. या स्त्रियांना काम मिळाले, कीर्तीही मिळाली. परंतु नमुना कोणी ठरवायचा आणि विक्रीतील वाटा कोणाला किती मिळायचा, हे प्रश्नही त्याबरोबर आले. महिलांचे गट संघटित करणाऱ्या कार्यकर्त्यांना या सर्व बाजू ठाऊक असणे उपयुक्त ठरेल.

नदीच्या वळणावरील गाव

अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या भूभागावर हे गाव वसले आहे. ‘बेंड’ म्हणजे वळण. १८१६ मध्ये जोसेफ गी नावाच्या जमीनदाराने येथे कापसाचा मळा उभारला, त्यावरून गावाला हे नाव पडले. पुढे १८४५ मध्ये कर्जफेडीपोटी हा मळा मार्क पेटवे यांच्या ताब्यात गेला. मळ्यावर राबणारी माणसे आफ्रिकी वंशाची गुलाम होती. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली, तरी त्यांपैकी अनेक कुटुंबे तेथेच राहून वाट्याने जमीन कसू लागली. जुन्या मालकाचे आडनाव त्यांच्याकडे राहिले. आजही गावातील असंख्य कुटुंबांचे आडनाव पेटवे हेच आहे.

जागतिक मंदीच्या काळात कापसाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये या कुटुंबांना उधारीवर माल देणाऱ्या एका व्यापाऱ्याचा मृत्यू झाला. उधारीच्या वसुलीसाठी घरोघरची अवजारे, जनावरे आणि साठवलेले धान्य उचलून नेण्यात आले आणि गाव उपासमारीच्या तोंडाशी आले. त्यानंतर केंद्र शासनाने मळ्याची जमीन विकत घेतली, नवी घरे बांधली आणि १९४० नंतरच्या दशकात ती जमीन कसणाऱ्यांनाच अल्प व्याजाच्या कर्जावर दिली. या निर्णयाचे महत्त्व पुढे वीस वर्षांनी स्पष्ट झाले. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना घराबाहेर काढणे कोणाला सहजासहजी शक्य झाले नाही.

नमुन्यांची रीत

गीज बेंडच्या गोधडीचे तीन थर असतात. वरचा थर तुकडे जोडून केलेला, मधला कापसाचा आणि खालचा अस्तराचा. या बाबतीत ती आपल्या गोधडीहून थोडी वेगळी आहे. आपल्याकडे सामान्यतः मधल्या थरातही जुने कापडच असते. गोधडीसाठी लागणारे कापड दुकानातून येत नसे. शेतात झिजलेल्या विजारी, सदरे, झगे आणि पिठाची रिकामी पोती हाच कच्चा माल होता. विजारीच्या गुडघ्याशी विटलेला भाग आणि खिशाखालचा गडद राहिलेला भाग यांतील रंगभेदाचाही उपयोग केला जाई.

येथील सर्वांत परिचित नमुन्यास ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचे छप्पर, असे नाव आहे. मधोमध एक चौकोनी तुकडा घेऊन त्याभोवती चारही बाजूंनी पट्ट्या जोडीत जावयाचे, म्हणजे चौकोनात चौकोन असा आकार वाढत जातो. पायऱ्यांप्रमाणे पट्ट्या रचण्याच्या नमुन्याला ‘ब्रिकलेयर’, म्हणजे गवंडी, म्हणतात. केवळ लांब पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या तर ती ‘लेझी गॅल’, म्हणजे आळशी पोर. नमुन्याचा सांगाडा असा ठरलेला असला तरी पट्टी किती रुंद घ्यावी, रंग कोठे बदलावा आणि ओळ कोठे मोडावी हे प्रत्येक बाई स्वतः ठरवी. अशा स्वतःच्या मनाने केलेल्या रचनेला तेथील स्त्रिया ‘माझी रीत’ असे म्हणत.

कामाची विभागणीही लक्षात घेण्यासारखी आहे. वरचा थर प्रत्येक स्त्री आपल्या घरी एकटीने जोडी. तो चौकटीवर ताणून तिन्ही थर एकत्र शिवण्याच्या वेळी मात्र शेजारणी जमत. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या घरी, अशी ही पाळी चाले. शेतीच्या कामात आपल्याकडे सावडीची जी पद्धत आहे तीच येथे सुईच्या कामात दिसते. आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे हे कौशल्य जाई. हे एकत्र बसणे म्हणजेच त्यांचे शिक्षण होते. रचना एकटीची आणि टाके सर्वांचे, अशी ही व्यवस्था होती.

या गोधड्यांमागे केवळ थंडीची गरज नव्हती. मिसूरी पेटवे यांच्या पतीचे निधन झाल्यावर, १९४२ मध्ये, त्यांनी त्याचे कामाचे कपडे उसवून त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर पांघरता यावी एवढाच त्यामागील हेतू होता. आपल्याकडेही आजीच्या लुगड्याची गोधडी नातवंडांसाठी जपून ठेवली जाते. तिची किंमत कापडाच्या मोलावर ठरत नाही.

सहकारी संस्थेची स्थापना

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांनी मताधिकारासाठी लढा दिला. गीज बेंडचे लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडील कॅमडेन या जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये नदीवरील नावेची सेवा बंद करण्यात आली. काही मिनिटांच्या अंतरासाठी तासाहून अधिक काळाचा वळसा पडू लागला. ही सेवा पुन्हा सुरू होण्यास २००६ साल उजाडले. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी गावाला भेट दिली. त्याच वर्षी मताधिकाराचा कायदा संमत झाला. परंतु जिल्ह्यात इतरत्र दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या ज्या कुटुंबांनी नोंदणी केली, त्यांपैकी अनेकांना काम आणि घर दोन्ही गमवावे लागले.

डिसेंबर १९६५ मध्ये फ्रान्सिस वॉल्टर या धर्मोपदेशकाला या भागातून जाताना दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. त्यांनी काही गोधड्या विकत घेऊन न्यूयॉर्क येथे लिलावाने विकण्याची व्यवस्था केली. मार्च १९६६ मध्ये या परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. ‘बी’ या शब्दाचा येथील अर्थ सावड असाच आहे. एस्टेल विदरस्पून यांनी दीर्घकाळ तिचे व्यवस्थापन सांभाळले. संस्थेने जमीन खरेदी केली, १९६९ मध्ये स्वतःचे शिवणकेंद्र उभारले आणि काम करणाऱ्या मातांच्या मुलांसाठी पाळणाघर चालविले. अनेक स्त्रियांच्या हाती स्वतःच्या नावाने रोख रक्कम पडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

मागणी आणि तिची किंमत

न्यूयॉर्कमधील मोठ्या दुकानांकडून मागणी येऊ लागली तेव्हा कामाचे स्वरूप बदलले. दुकानदारास प्रत्येक गोधडी एकाच मापाची, एकाच नमुन्याची आणि सारख्या टाक्यांची हवी असे. त्यामुळे ‘माझी रीत’ मागे पडली. १९७२ मध्ये सीअर्स या व्यापारी कंपनीसाठी कॉर्डरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. त्यातून नियमित मजुरी मिळाली, परंतु रचनेला वाव उरला नाही. येथे एक गोष्ट विशेष घडली. अभ्रे कापून उरलेल्या चिंध्या स्त्रिया घरी नेत आणि त्यांतून आपल्या मनाप्रमाणे गोधड्या शिवीत. पुढे ज्या गोधड्यांची जाणकारांनी वाखाणणी केली, त्यांत या कॉर्डरॉयच्या गोधड्याही आहेत. दिवसाच्या मजुरीने घर चालले आणि रात्रीच्या कामाने कला टिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

कीर्ती आणि हक्क

१९९० नंतरच्या दशकात एका संग्राहकाने गावातून जुन्या गोधड्या विकत घेण्यास प्रारंभ केला. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. आधुनिक चित्रकलेच्या बरोबरीने त्यांची चर्चा झाली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर दहा तिकिटांचा संच काढला. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लोरेटा पेटवे यांना लोककलेसाठीचा राष्ट्रीय सन्मान देण्यात आला.

कीर्ती वाढली तसा प्रश्नही उभा राहिला. हे नमुने गालिचे आणि इतर वस्तूंवर छापले जाऊ लागले. त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नात आपला वाटा कोणता, अशी विचारणा करीत काही स्त्रियांनी २००७ मध्ये न्यायालयात दावे दाखल केले. २००८ मध्ये ते तडजोडीने मिटले. तडजोडीने दावे मिटले तरी त्यातील मुद्दा महत्त्वाचा आहे. गोधडी विकणे आणि तिचा नमुना वापरण्याची अनुज्ञा देणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिल्याची पावती झाली म्हणजे दुसऱ्याचा करार झाला असे होत नाही.

जुनी सहकारी संस्था कामाअभावी क्षीण होत जाऊन २०१२ मध्ये बंद झाली. दरम्यान २००३ मध्ये गावातील स्त्रियांनी नवे मंडळ स्थापन केले होते. अलीकडच्या काळात अनेक जणी इंटरनेटद्वारे स्वतःच्या नावाने थेट विक्री करू लागल्या आहेत. आता गोधडीबरोबर तिच्या कर्तीचे नाव जाते आणि किंमतही तीच ठरवते.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात महिलांच्या संघटनेची बैठक तयार आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली आणि बचत गटांचे जाळे आज गावोगाव पसरले आहे. गोधडीला शहरांतून मागणीही आहे. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे हिताचे होईल.

पहिली गोष्ट मोजमापाची. एका गोधडीस किती दिवस लागतात आणि त्यांपैकी जोडणीचे किती व टाक्यांचे किती, याची नोंद गटाच्या वहीत असावी. श्रमाचा हिशेब नसेल तर किंमत खरेदीदारच ठरवतो.

दुसरी गोष्ट नावाची. प्रत्येक गोधडीवर करणारीचे व गावाचे नाव टाक्याने घालावे आणि तिचे छायाचित्र गटाकडे ठेवावे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलात्मक कारागिरीच्या कृतींचा समावेश आहे. एखाद्या भागाची वैशिष्ट्यपूर्ण परंपरा असल्यास १९९९ च्या कायद्यानुसार उत्पादकांच्या संस्थेला भौगोलिक मानांकनासाठी अर्ज करता येतो. या दोन्ही कामांत नोंदी उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट नमुन्याची. एकसारख्या मालाची मागणी आली तर ती नाकारण्याचे कारण नाही. त्यातून घरखर्च चालतो. परंतु गटाच्या कामाचा काही भाग स्वतःच्या रचनेसाठी राखून ठेवावा. शिक्षकांना येथे मोठे कार्य करता येईल. गावातील वृद्ध स्त्रियांकडून नमुन्यांची नावे आणि शिवण्याच्या रीती विद्यार्थ्यांमार्फत लिहून घेतल्यास कार्यानुभवाचा तो उत्तम पाठ होईल, आणि गावाकडे आपल्या कलेचे एक दप्तरही तयार होईल.

चौथी गोष्ट जागेची. सावडीला बसावयास जागा लागते. समाजमंदिराची एक खोली दुपारच्या वेळी गटाला देणे ही ग्रामपंचायतीच्या दृष्टीने अल्प खर्चाची बाब आहे. गीज बेंडमध्ये शिवणकेंद्र आणि पाळणाघर एकाच संस्थेने चालविले, कारण घरी लहान मूल असलेली बाई पाळणाघराशिवाय केंद्रावर येऊ शकत नव्हती. आपल्याकडील स्थिती याहून वेगळी नाही. अंगणवाडीच्या वेळेशी गटाच्या कामाची वेळ जुळवून घेतली, तर आज घरीच अडकून पडणाऱ्या तरुण मातांनाही या कामात सहभागी होता येईल.