वसंत ऋतूतील हस्तकाम : बालवर्गासाठी चार सोपे पाठ

माघ सरून फाल्गुन लागला की शिवाराचे रूप पालटू लागते. पळसाच्या निष्पर्ण फांद्या केशरी फुलांनी भरून जातात, काटेसावरीच्या बुंध्याशी जाड पाकळ्यांच्या लाल फुलांचा सडा पडतो आणि पिंपळाला तांबूस पालवी फुटते. गव्हाची काढणी होऊन खळ्यावर काड साठते. अडीच ते पाच वर्षांच्या मुलांच्या हस्तकामास लागणारे बहुतेक साहित्य या दिवसांत शाळेच्या अंगणात आणि वाटेवर आपोआप पडलेले असते. ते विकत आणावे लागत नाही, वेचावे लागते. आणि वेचणे हेच मुलांचे पहिले काम होय.

ही दृष्टी महाराष्ट्रास नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते वाढविले. शहरातील बालमंदिरांत वापरली जाणारी महागडी साधने खेड्यापाड्यांना परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी पाने, फुले, बिया, खडे, शिंपले अशा परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाच्या साधनांचे स्थान दिले. त्या प्रयोगाचे मर्म साधनांच्या स्वस्ताईत नव्हते. मूल ज्या वस्तूंना घरी व रानात हाताळते, त्याच वस्तू शाळेत भेटल्या म्हणजे शाळा त्यास परकी वाटत नाही, हे ते मर्म होय.

लहान मुलांच्या हस्तकामाचा हेतूही प्रथम स्पष्ट असावा. या वयात बोटांची चिमूट नीट जुळत नसते, दोन्ही हात एकमेकांस साहाय्य करावयास नुकतेच शिकत असतात, आणि डोळ्यांनी हेरलेल्या जागी हात नेमका पोहोचत नाही. वेचणे, फाडणे, दाबणे, ओवणे व मळणे या क्रियांनी ही सर्व शक्ती वाढते. पुढे पेन्सिल धरणारी बोटे येथेच तयार होतात. यास्तव तयार झालेली वस्तू गौण समजावी आणि ती करीत असता हाताने घेतलेले श्रम मुख्य समजावेत. पुढील पाठ याच दृष्टीने दिले आहेत. प्रत्येक पाठास पंधरा ते वीस मिनिटे पुरेत. मुलाचे मन रमले असेल तर त्यास उठवू नये.

पाठ पहिला : पानांचे ठसे. पिंपळ, वड, आंबा यांची गळालेली पण न वाळलेली पाने मुलांकडून वेचून आणावीत. पसरट ताटलीत गेरू कालवून त्यात थोडी खळ मिसळावी, म्हणजे रंग वाळल्यावर झडत नाही. त्यात भिजविलेली कापडाची घडी ठेवावी. मुलाने पानाची मागील बाजू घडीवर दाबावी, मग ते पान कागदावर ठेवून वर दुसरा कागद घालावा व तळहाताने चोळावे. पान उचलताच शिरांचे जाळे कागदावर उमटते. मागील बाजूसच शिरा उठून का दिसतात, हे सांगू नये. बोट फिरवून मुलास स्वतः कळू द्यावे. जून भेंडी आडवी कापून दिल्यास तिचाही पाच कोनांचा सुंदर ठसा उमटतो.

पाठ दुसरा : काडाची माळ. गव्हाची काडी दोन पेरांच्या मधे पोकळ असते. मळणीयंत्रात जाण्यापूर्वी एखादी पेंढी मागून घ्यावी व शिक्षकाने तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ठेवावेत. जाड दोऱ्याचे एक टोक मेणाने ताठ करावे व दुसऱ्या टोकास गाठ मारावी. सुई देऊ नये. अगदी लहान मुलांना दोऱ्याऐवजी खराट्याची हीर द्यावी. मात्र तिचे टोक बोथट करावे आणि हीर हाती असेतो मुलांना बसवून ठेवावे. एक काडी व एक पान, असा क्रम कोणी आपणहून धरल्यास तो गणिताचा आरंभ समजावा. क्रम लादू मात्र नये.

पाठ तिसरा : पळसाचा रंग. झाडाखाली पडलेली पळसाची फुले मुलांनी वेचावीत, पाकळ्या सुट्या कराव्यात व रात्रभर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी पाणी पिवळसर केशरी झालेले दिसते. रंग गडद हवा असल्यास शिक्षकाने मुलांपासून दूर ते उकळून गार करावे. चिंधीचा बोळा काडीस बांधून त्याने कागदावर किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यावर रंग लावू द्यावा. आदल्या दिवशी पाणी कसे होते व आज कसे आहे, एवढाच एक प्रश्न विचारावा. रंगपंचमीच्या आधी हा पाठ घेतल्यास घरीही त्याची चर्चा होते.

पाठ चौथा : चैत्रातील गुढी व झाड. मळलेल्या मातीच्या गोळ्यात मुलाने एक काडी उभी रोवावी. पाडव्याच्या सुमारास तिला कापडाचा तुकडा व कडुनिंबाची डहाळी बांधली म्हणजे चिमुकली गुढी होते. ज्या मुलाच्या घरी गुढी उभारीत नाहीत, त्याने त्याच काडीचे झाड करावे : कोवळी पाने हाताने फाडून ते तुकडे मातीत टोचावेत. दोन्ही कामे शेजारी शेजारी मांडावीत.

दक्षता. गुंज, एरंड, धोतरा व कण्हेर ही विषारी असल्याने त्यांच्या बिया, फुले वा पाने कामात घेऊ नयेत. रुईचा चीक डोळ्यांस अपाय करतो. हरभरा, चिंचोके यांसारख्या बारीक वस्तू लहान मुले नाकातोंडात घालतात, म्हणून या वयास त्या वर्ज्य समजाव्यात. वेचलेली फुले मुंग्यांसाठी झटकून घ्यावीत. काम संपल्यावर सर्वांनी हात धुवावेत. हिरव्या फांद्या मोडू नयेत. पडलेले तेच आपले, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

आता सर्वांत कठीण गोष्ट. ती मुलांना नव्हे, शिक्षकांना शिकावयाची असते. मुलाचे पान कागदाच्या एका कोपऱ्यात चिकटते, माळेतील काड्या निसटतात, गुढी कलते. पाहुणे येणार असतील तर शिक्षकाचा हात नकळत पुढे होतो. पान मध्यभागी सरकते, गुढी सरळ होते. काम देखणे दिसते खरे, पण मूल हात मागे घेते आणि पुढच्या वेळी म्हणते, “बाई, तुम्हीच करा.” हे शब्द ज्या वर्गात वारंवार ऐकू येतात, तेथे भिंतीवरील सुंदर कामांची किंमत फार मोठी पडलेली असते.

याच दिवसांत ऊसतोडणीसाठी गेलेली कुटुंबे गावी परतू लागतात. पाच-सहा महिने फडावर राहिलेले मूल वर्गाच्या उंबऱ्याशी घुटमळते. इतरांना पाठ असलेली गाणी त्यास येत नाहीत. त्याच्यापुढे पानांची टोपली ठेवावी. ते कदाचित माळ करणार नाही. पाने एकावर एक रचील, लांब पात्याने करकचून बांधील आणि मोळी तयार करील. पाहता पाहता शिकलेली ती गाठ वर्गातील दुसऱ्या कोणास येत नसते. अशा वेळी “आज माळ करावयाची आहे” असे म्हणून मोळी सोडविली, तर त्यास असलेली एकच विद्या शाळेने नाकारली असे होईल. उलट, “ही गाठ आम्हांला दाखव” एवढे म्हटले, की ते मूल उंबरा ओलांडून आत येते.

सारांश, वसंतातील हस्तकामास पैसा लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा संयम. आठवड्याअखेर सर्व कामे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दोरीस अडकवावीत किंवा फळीवर मांडावीत. वाकडी ती वाकडीच राहू द्यावीत. आपले काम कोणते, हे प्रत्येक मुलास बोट ठेवून दाखविता आले म्हणजे पाठ यशस्वी झाला असे समजावे.