लायसन्स ड्रायव्हरचे, जबाबदारी मालकाची

सूत घेताना आपण काउंट तपासतो, कापड घेताना पन्हा मोजतो, उधारीवर माल देण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु लाखांचा माल भरलेला टेम्पो ज्या तरुणाच्या हाती सोपवायचा, त्याला मात्र एकच प्रश्न विचारतो, "गाडी येते ना?" तो म्हणतो, "येते सेठ." झाली नेमणूक!

टेम्पोशिवाय आमच्या धंद्याचे पान हलत नाही. सायझिंगमधून बीम कारखान्यात, कारखान्यातून तागे पेढीवर, पेढीवरून गाठी ट्रान्सपोर्टला. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, ही ने-आण करणाऱ्यांत कालपरवापर्यंत क्लीनर असलेली पोरे पुष्कळ दिसतात. म्हणून नव्या ड्रायव्हरबाबत कायदा काय सांगतो, हे ड्रायव्हरच्या आधी व्यापारी बांधवांनी समजून घेणे जरूरीचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५ तर सरळ मालकालाच उद्देशून आहे. योग्य लायसन्स नसलेल्या किंवा वय कमी असलेल्या माणसाला मालकाने गाडी चालवू देता कामा नये, असे ते सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स चालवणाऱ्यास ५,००० रुपये दंड आहे आणि त्याला गाडी देणाऱ्या मालकासही तेवढाच. दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

लायसन्सची पहिली पायरी शिकाऊ लायसन्स. मोटार किंवा टेम्पोसाठी वय १८ पूर्ण पाहिजे. आधार असेल तर महाराष्ट्रात २०२१ पासून ही परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते, त्यामुळे एजंटाची पायरी चढण्याचे कारण उरलेले नाही. हे लायसन्स सहा महिने चालते आणि पक्क्या लायसन्सची ट्रायल किमान तीस दिवसांनंतरच देता येते. मधल्या काळात गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि शेजारी पक्के लायसन्सवाला शिकवणारा बसलेला हवा. गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसला पाहिजे, मागे गाठींवर नव्हे! शिकाऊ लायसन्स खिशात घालून एकट्यानेच टेम्पो काढणे हा या अटीचा सरळ भंग आहे.

दुसरी बाब अधिक फसवी आहे. पोराकडे लायसन्स असते, पण कशाचे? कार्डावर गाडीचा वर्ग छापलेला असतो. फक्त 'एमसीडब्ल्यूजी' लिहिले असेल तर ते गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स होय. टेम्पोसाठी ते नसल्यातच जमा. हलक्या वाहनासाठी 'एलएमव्ही' पाहिजे. छोट्या मालवाहू टेम्पोला वेगळे 'ट्रान्सपोर्ट'चे लायसन्स लागते की नाही, यावर विमा कंपन्या आणि मालक यांच्यात बरीच वर्षे वाद चालला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी तो मिटवला. मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. आपले 'छोटा हत्ती'सारखे टेम्पो यात बसतात. याहून जड गाडी असेल तर मात्र वय २० पूर्ण, आधी किमान एक वर्षाचे एलएमव्ही लायसन्स आणि मग ट्रान्सपोर्टचे, असा क्रम आहे. पूर्वी ट्रान्सपोर्टच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. शाळा अर्धवट सुटलेल्या कारागिरांच्या मुलांना त्यामुळे रोजगाराचा एक रस्ता खुला झाला, आणि ते योग्यच झाले.

आता विम्याकडे येऊ. "इन्शुरन्स भरलेला आहे, काळजी कशाची?" असे बाजारात सर्रास ऐकू येते. समजा, आपल्या टेम्पोखाली एखादा कमावता माणूस गेला आणि ड्रायव्हरकडे लायसन्सच नव्हते. त्याच्या घरच्यांना भरपाई मिळते, पण ती कोणाच्या खिशातून? सुप्रीम कोर्टाने २००४ साली स्वरण सिंग खटल्यात याची रीत घालून दिली. विमा कंपनी आधी पीडितांना पैसे देते आणि मालकाने हयगय केल्याचे सिद्ध झाले की तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तरुण माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते. दहा-वीस माग चालवणारा कारखानदार एवढ्याने उठतो.

याच निकालांत मालकाचा बचावही आहे. लायसन्स पाहून, गाडी चालवायला लावून, खात्री करून ड्रायव्हर ठेवला आणि पुढे ते लायसन्स बनावट निघाले, तर तेवढ्यावरून मालक दोषी ठरत नाही. मालकाने प्रत्येक लायसन्स घेऊन आरटीओत धावावे अशी अपेक्षा नाही, असे कोर्टाने २०२२ सालीही सांगितले. पण "पाहिले होते" हे नुसते तोंडाने सांगून कसे भागेल? लायसन्सची प्रत फाइलला लावावी, ट्रायल घेतल्याची तारीख लिहून ठेवावी. शिवाय लायसन्स क्रमांक व जन्मतारीख टाकून परिवहनच्या सरकारी वेबसाइटवर दोन मिनिटांत पडताळणी होते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील लायसन्स रस्त्यावर मान्य आहे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो हे लायसन्स नव्हे.

हमाल आणि ओळखीचे लोक गाठींवर बसून जातात, तो प्रकारही बंद झाला पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतील मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण मिळाले. फुकट बसवलेल्या प्रवाशाला ते नाही.

घरच्या मुलांबाबत तर आपण जास्तच सैल असतो. नमुन्याचे तागे पोहोचवायला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला स्कूटर दिली जाते. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते हे खरे, पण ते बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे, तेही पालकांच्या संमतीने. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या वर आहेत. कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोटारीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा वडिलांनाही अटक झाली होती.

एवढे सर्व कागद ठीक असले तरी नवा ड्रायव्हर नवाच असतो. तो शिकतो रिकाम्या मोटारीवर आणि पहिल्याच दिवशी बसतो भरलेल्या टेम्पोवर. ताशी ४० किलोमीटरने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच दोन-तीन दुकाने मागे जातात. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर चौपट होते. त्यात बीम हा गोल आणि वजनदार. दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे देऊन दोराने आवळला नाही तर जोरात ब्रेक मारताच तो केबिनवर येतो. तागे उंच रचले की वळणावर गाडी कलते. ताडपत्रीचे टोक मागच्या दिव्यावर लोंबत असेल तर रात्री नाशिक रोडवर मागून येणाऱ्या ट्रकला आपली गाडी दिसतच नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो.

यंत्रमागाच्या मोहल्ल्यात खरी भीती रिव्हर्सची. गल्ली अरुंद, मागांचा खडखडाट, त्यात पोरे खेळत असतात. हॉर्न ऐकू येत नाही. ड्रायव्हर चहाला गेला म्हणून क्लीनर गाडी मागे घेतो. "चार हात तर मागे घ्यायची आहे" असे म्हणून चालत नाही. गल्ली सार्वजनिक जागा आहे आणि तिथेही लायसन्स लागतेच. क्लीनरने खाली उतरून मागे उभे राहावे, ड्रायव्हरने त्याच्या हाताकडे पाहून गाडी घ्यावी. माझ्या मते नव्या माणसाला पहिला महिना जुन्या ड्रायव्हरच्या सोबतीने दिवसाच्या, जवळच्या फेऱ्याच द्याव्यात. एक पगार जास्त जातो, तो जाऊ द्यावा.

लायसन्सची मुदतही वहीत टिपून ठेवावी. ट्रान्सपोर्टचे लायसन्स पाच वर्षांचे असते, तर तिशीच्या आत काढलेले साधे लायसन्स चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपून वर्ष उलटले तर ड्रायव्हरला पुन्हा ट्रायल द्यावी लागते, आणि तोपर्यंत टेम्पोला दुसरा माणूस शोधावा लागतो.