विभक्त माता-पित्यांची मिळकत आणि मुलांचा निर्वाह

पती-पत्नी विभक्त झाले म्हणून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, कपड्यालत्त्याचा आणि औषधपाण्याचा खर्च थांबत नाही. उलट एका चुलीच्या दोन चुली झाल्याने तो अधिकच जड होतो. हा भार कोणी व किती उचलावयाचा? ‘बापाने पोसावे’ एवढेच याचे उत्तर आहे असा समज खेड्यापाड्यांतच नव्हे, तर सुशिक्षितांतही आढळतो. कायद्याचे म्हणणे मात्र थोडे निराळे आहे.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० अन्वये अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी पिता व माता या दोघांवरही आहे. आई मिळवती असेल, तर तिचा वाटा कसा ठरवावा, याचे उत्तम उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या एका निर्णयात सापडते. त्या प्रकरणी आई-वडील दोघेही नोकरीत होते आणि पित्याचा पगार मातेच्या सुमारे दुप्पट होता. न्यायालयाने प्रत्येक मुलाचा मासिक खर्च ३,००० रुपये धरला आणि तो २:१ या प्रमाणात वाटला. म्हणजे दर मुलामागे पित्याकडे २,००० रुपये व मातेकडे १,००० रुपये आले. येथे आधी मुलाची गरज ठरली, मग मिळकतीच्या प्रमाणात वाटणी झाली, हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम हा जो आकडा लोकांच्या तोंडी असतो, तो पत्नीच्या पोटगीसंबंधीच्या निर्णयांतून आलेला आहे आणि तोही केवळ मार्गदर्शक. मुलांच्या निर्वाहासाठी असे ठरावीक कोष्टक आपल्याकडे नाही.

सर्व धर्मीयांना लागू असणारा मार्ग म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे कलम १२५. दिनांक १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पुरेशी साधने असूनही जो आपल्या अज्ञान अपत्याची हेळसांड करतो, त्यास दरमहा रक्कम देण्याचा आदेश होऊ शकतो; अपत्य औरस की अनौरस, हा भेद येथे नाही. मूळ कायद्यात ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महागाईपुढे ती हास्यास्पद ठरली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती गेली.

खरी अडचण येते ती मिळकत सिद्ध करताना. नोकरदाराचा पगार कागदावर असतो. पण दुकानदार, कंत्राटदार, बागायतदार यांचे काय? दावा दाखल होताच कित्येकांचे उत्पन्न एकाएकी आटते! नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी यावर उपाय घालून दिला. उभय पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र दाखल केलेच पाहिजे आणि निर्वाहाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची, असे त्यात ठरले. मुलांच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व शिक्षण यांचा समावेश होतो. शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने सोसावयाचा. माता पुरेसे कमावीत असल्यास तो प्रमाणात वाटता येतो, हेही तेथे नमूद आहे. धडधाकट माणसाने ‘मला कामधंदा नाही’ म्हटल्याने त्याची सुटका होत नाही.

यास्तव अर्ज करणाऱ्या मातेने पगारपत्रक, बँकेचे पासबुक, आयकर विवरणपत्र, सात-बारा उतारा यांपैकी जे हाती लागेल ते, आणि शाळेच्या फीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. अंतरिम निर्वाहाचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद आहे. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया व बालके यांना तेथे मोफत साहाय्य मिळते व त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुढे कोणाचीही मिळकत वाढली वा घटली, तर कलम १४६ अन्वये रक्कम बदलून मागता येते. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.