दम्याच्या अटॅकमध्ये मुलाची मान सुजली तर

माझा मुलगा दीड-दोन वर्षांचा असल्यापासून दम्याचा. हवा पालटली की सर्दी, सर्दीमागून रात्रीचा खोकला, मग छाती वाजायला लागते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तो नऊ वर्षांचा असताना पावसाळ्याच्या तोंडाशी आलेल्या अटॅकमध्ये मात्र जे झालं, ते आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. दम्याच्या मुलांच्या बहुतेक आईवडिलांनी ते ऐकलेलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

रात्रभर खोकून पहाटे तो म्हणाला, "आई, गिळताना दुखतंय." आवाज नाकातून येत होता. कानाखालपासून गळ्यापर्यंत मान भरून आली होती, बघणाऱ्याला गालगुंडच वाटावं. पण ताप नव्हता आणि अंगावर पित्तही उठलेलं नव्हतं. गळ्याच्या खळगीशेजारी मी बोट टेकवलं, तर कातडीखाली कुरमुरे चुरडावेत तशी करकर लागली. बोट जरा खाली सरकवलं, छातीवरही तेच. ही करकर गालगुंडात नसते, ॲलर्जीच्या सुजेतही नसते. कातडीखाली हवा शिरली, तरच ती लागते.

आम्ही तडक कॅज्युअल्टी गाठली. एक्स-रेत हृदयाच्या कडेनं हवेची बारीक काळी रेघ दिसली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, न्यूमोमेडिआस्टायनम: छातीच्या मधल्या भागात, दोन फुप्फुसांच्या दरम्यान, हवा साठणं.

ती तिथे जाते कशी, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अटॅकमध्ये श्वासनळ्या आवळतात, त्यात चिकट कफ अडकतो. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसातले वायुकोश ताणले जातात आणि वर जोराचा खोकला किंवा उलटी झाली की काही फुटतात. सुटलेली हवा रक्तवाहिन्यांच्या आवरणालगत सरकत छातीच्या मध्यावर येते आणि तिथून मानेत चढते. कॅनडातल्या मॅकलिन दांपत्यानं १९४४ मध्ये ही वाट सविस्तर मांडली. ती कळल्यावर माझी एक भीती गेली. पंपानं छाती फुटली असं घरातलं कुणी म्हणत होतं, ते साफ चूक आहे. हवा सुटते ती आवळलेल्या नळ्यांमुळे, आणि पंप त्या नळ्या मोकळ्या करतो. त्यामुळे हवा दिसल्यावरही नेब्युलायझर आणि स्टेरॉईड थांबत नाहीत.

या हवेला बहुतेक वेळा वेगळा उपचार लागत नाही. विश्रांती, वेदनाशामक, गरजेप्रमाणे ऑक्सिजन आणि दम्यावरचे उपचार एवढ्यावर शरीर ती हळूहळू शोषून घेतं. आमच्या मुलाचंही तसंच झालं. जिवाला खरा धोका असतो तो दम्याच्या अटॅकचा, म्हणून मानेच्या सुजेकडे बघत श्वासाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. हवा फुप्फुसाच्या आवरणात शिरली, तर मात्र गोष्ट निराळी. त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. एका बाजूला एकाएकी टोचल्यासारखं दुखतं, धाप झपाट्यानं वाढते, कधी छातीत नळी घालावी लागते. आतला दाब वाढत गेला तर मिनिटांचा प्रश्न असतो. घरी बसून यातलं काय झालंय हे कुणालाच ओळखता येणार नाही, त्यासाठी एक्स-रेच हवा.

म्हणून दम्याच्या मुलाची मान सुजली, आवाज बदलला, छातीत किंवा गळ्यात दुखू लागलं, तर लेप, शेक, वाफ यांत वेळ घालवू नका. दवाखान्यात पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: "दमा आहे आणि मानेला हात लावला की करकर लागते." मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ऑक्सिमीटर ९२ च्या खाली गेला असेल, तर १०८ ला फोन करा. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून मात्र थांबू नका. आणि वाजणारी छाती एकदम शांत झाली, पण मूल थकून मलूल पडलं, तर तो आराम समजू नका. हवा आत-बाहेर होणंच कमी झालेलं असू शकतं. गाडी येईपर्यंत मुलाला बसतं ठेवा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला आरामाचा पंप स्पेसरमधून द्या: एका वेळी एकच पफ, त्यावर चार-पाच श्वास, मग पुढचा.

रोजच्या प्रतिबंधक पंपाबद्दल मी आता कुणाशीही वाद घालते. "सवय लागेल" म्हणून तो बंद करणारी घरं मी वॉर्डात पाहिली. त्यातलं स्टेरॉईड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळ्यांपर्यंत पोचतं. तो बंद करून अटॅक ओढवला, तर स्टेरॉईड पोटातून किंवा शिरेतून कितीतरी मोठ्या डोसात घ्यावं लागतं. पंप घेतल्यावर चूळ भरायची, एवढं पथ्य पाळा.

घरी आल्यावरही काही दिवस जपावं लागतं. फुगे फुगवणं, बासरी, श्वास रोखायचे खेळ, जड दप्तर उचलणं, पीक फ्लो मीटरमध्ये जोरानं फुंकणं, हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. विमानप्रवासही त्यांना विचारूनच. आणि पुढे कधी तारकर्लीला स्कूबाचा हट्ट धरला, तर हौस म्हणून पैसे भरू नका. पाण्याखालून वर येताना छातीतली हवा प्रसरण पावते. असं एकदा झालेल्या मुलानं, कितीही वर्षं उलटली तरी, छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नये.