छताला रेल नाही? मग सायकल-रॅक बसवण्याआधी ही बेरीज करा



जोडधंद्याच्या व्हिडिओनंतर अनेकांनी विचारलं, "सर, अलिबागसारख्या ठिकाणी कार अ‍ॅक्सेसरीजमध्ये नवीन काय करता येईल?" माझ्या दुकानातलंच एक काम सांगतो. छताला रेल नसलेल्या कारवर सायकल-रॅक बसवणं. मुंबई-पुण्याहून लोक सायकली घेऊन नागाव, काशीद, मुरूडला येतात. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तेव्हापासून कार बोटीत घालूनच येता येतं.

पण या धंद्यात मी आधी मार खाल्लाय, तो ऐका.

एक कुटुंब छोटी हॅचबॅक घेऊन आलं. सायकली तीन. मला मनातून पटत नव्हतं, पण गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, हळू चालवतो." मी बसवून दिलं, ८०० रुपये मजुरी घेतली. संध्याकाळी गाडी परत आली. रॅक मागे सरकलेला, दरवाज्याच्या वरच्या कडेचा रंग खरवडलेला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. रंगाचे ६,४०० रुपये मी खिशातून दिले. म्हणजे आठ गाड्यांची मजुरी एका "चालेल हो"मध्ये गेली.

फोनवरच तीन प्रश्न विचारा

१. बाईक म्हणजे सायकल ना? हसू नका, आपल्याकडे बाईक म्हणजे मोटरसायकल!
२. गाडीचं मॉडेल आणि वर्ष कोणतं? सनरूफ आहे का?
३. सायकली किती, आणि एकीचं वजन किती?

जुन्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनीला छताच्या कडेला पन्हळ असायची, क्लॅम्प तिथेच अडकायचा. आताच्या बहुतेक गाड्यांना ती नाही. म्हणून रॅकचे पाय छतावर टेकतात आणि क्लॅम्प दरवाज्याच्या चौकटीची कड पकडतो. प्रत्येक मॉडेलची कड वेगळी, म्हणून त्याच मॉडेलचं फिटिंग किट लागतं. "जवळपास बसतंय" हे किट नाकारा.

आता बेरीज

गाडीच्या पुस्तिकेत छतावरची वजनमर्यादा बघा. समजा ती ५० किलो आहे. दोन आडव्या दांड्या ५ किलो, प्रत्येक सायकल-स्टँड ४ किलो, प्रत्येक सायकल १४ किलो.

- दोन सायकली: ५ + ८ + २८ = ४१ किलो. चालेल.
- तीन सायकली: ५ + १२ + ४२ = ५९ किलो. नाही चालणार.

लोक फक्त सायकलींचं वजन धरतात, दांड्या आणि स्टँड विसरतात. माझीही चूक तिथेच झाली. गाडी, रॅक आणि स्टँड या तिघांच्या मर्यादा वेगळ्या असतात. त्यातली सर्वांत कमी असलेली पाळायची.

बसवताना

- छत आणि दरवाज्याची कड आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. आपल्याकडे वाळू आणि खारं वारं. पॅडखाली वाळूचा कण राहिला की रंगावर ओरखडा आलाच.
- किटच्या कागदावरची मापं टेपने मोजा, चिकटपट्टीने खूण करा.
- बोल्ट थोडा डावीकडचा, थोडा उजवीकडचा असा आळीपाळीने आवळा. एकच बाजू आवळली तर दांडी सरकते. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, कागदावरच्या आकड्याइतकाच.
- चारही दरवाजे उघडून-मिटून बघा. रबर दुमडलं असेल तर पावसात पाणी आत येणार.
- दांडी धरून हलवा. गाडी हलली पाहिजे, दांडी नाही.

छताला भोक पाडून काही बसवू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करायला मनाई करतं. शंका असेल तर आधी आरटीओत विचारा.

गिऱ्हाईक निघताना

सायकलींसकट उंची मोजा आणि डॅशबोर्डवर चिठ्ठी लावा. गाडी दीड मीटर असली तरी उभ्या सायकलींसकट ती अडीच मीटरच्या पुढे जाते. पार्किंगची कमान आणि रिसॉर्टचं गेट हा आकडा विचारतात! पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर थांबून बोल्ट तपासायला सांगा. समुद्रावरून आल्यावर रॅक गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर बोल्ट गंजतात.

मी आता वजनाची बेरीज बिलावरच लिहितो आणि गिऱ्हाइकाची सही घेतो. तीन सायकलींना सरळ नाही म्हणतो. काहीजण रागावून जातात. पण "त्या दुकानात खरं सांगतात" म्हणून दुसऱ्या चार जणांना पाठवणारेही त्यांच्यातलेच निघालेत.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात कोणत्या कामाला तुम्ही "नाही" म्हणाल? एक मर्यादा आकड्यात लिहा आणि काउंटरवर चिकटवा. आकडा समोर असला की नाही म्हणणं सोपं जातं.

भेटू पुढच्या व्हिडिओत!