आम्हा आई-बाबांना काय हवं असतं

माझा मुलगा पस्तिशीचा. कॉलेजात असताना त्याचा स्किझोफ्रेनिया सुरू झाला. आजवर कोणाची मदत खरोखर उपयोगी पडली, ते लिहिते आहे. तुमच्या नात्यात, शेजारात आमच्यासारखं घर असेल, तर हे तुमच्यासाठी.

१. उपाय सुचवू नका. "लग्न करून द्या, ताळ्यावर येईल", "अमक्या बाबांकडे नेऊन आणा", "लाडानं बिघडलाय" हे सगळं आम्ही ऐकून झालंय. हा आजार आईबापांनी लावलेल्या वळणामुळे होत नाही. डॉक्टरांनी तसं सांगूनही आई मनात स्वतःची उलटतपासणी घेतच असते. त्यात तुमच्या प्रश्नांची भर नको.

२. त्याच्याशीच बोला. तो समोर बसलेला असताना लोक मला विचारतात, "जेवतो ना नीट?" माझे धाकटे दीर मात्र सरळ त्याच्याशेजारी बसतात. "काय रे, कालची मॅच बघितलीस?" उत्तर उशिरा येतं, कधी येतही नाही. ते थांबतात. तेवढा वेळ मला मध्ये पडावं लागत नाही.

३. वार आणि वेळ सांगा. "काही लागलं तर कळवा" यात माया असते, पण कळवायचं काम पुन्हा आमच्याकडेच येतं. नणंद म्हणाली, "वहिनी, गुरुवारी दुपारी मी येणार." बँक, डोळ्यांचे डॉक्टर, मैत्रिणीकडचा चहा, सगळं मी त्या दुपारी उरकते.

४. बाबांना विसरू नका. आई रडते, म्हणून तिची विचारपूस होते. आमचे हे पेपरात तोंड घालून बसायचे. आमच्या पालकांच्या आधारगटातले एक निवृत्त शिक्षक त्यांना सकाळी फिरायला नेऊ लागले. आजाराचा विषय काढायचा नाही, असा त्यांचा नियम. काही महिन्यांनी ह्यांनीच काढला.

५. आधारगटापर्यंत सोबत या. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था. पुण्याची संस्था उभी करणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींच्या पत्नीलाच हा आजार होता. अशा गटात शुभार्थीच्या, म्हणजे रुग्णाच्या, आईला काहीच पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. आणि कामाच्या गोष्टीही कळतात. सतत टोमणे, टीका चालणाऱ्या घरात आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या संशोधनापासून पुढे वारंवार दिसलं आहे. म्हणून आमच्याकडे एका वेळी एकच सूचना, आणि तीही हळू आवाजात.

६. कागदपत्रं बऱ्या दिवसांत करून द्या. मूल सज्ञान झालं की त्याच्या उपचारांत त्याचा शब्द आधी. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तो साध्या कागदावर सही करून उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. आमच्या लेकानं मामेबहिणीला नेमलं. मला क्षणभर लागलं, मग हायसं वाटलं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भाच्यानं भरला. बऱ्याच सवलतींसाठी त्यावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यानंच फ्रिजवर चिकटवला. तिथं कधीही फोन करता येतो, आईबापांनाही.

७. 'आमच्यानंतर कोण?' हा प्रश्न टाळू नका. "आम्ही आहोत ना" एवढ्यावर झोप लागत नाही. पैशांचे व्यवहार कोण पाहील, औषधं कोण आणील, दर महिन्याला डॉक्टरांकडे कोण नेईल, हे नावानिशी ठरवू द्या. त्यातलं झेपेल ते एकच काम घ्या, आणि आम्ही असतानाच सुरू करा. त्याला तुमची सवय व्हायला वेळ लागेल.