आईच्या दुधातील जीवाणू

पेण असो की रोहे, सकाळी रतिबाचे दूध आले की ते आधी तापवायचे, हा प्रत्येक घरचा नेम. तान्हे मूल मात्र आईचे दूध तसेच पिते. मग त्या दुधात जंतू नसतात काय?

असतात. निरोगी आईच्या दुधाच्या एका मिलिलिटरमध्येही शेकड्यांनी, कधी हजारांनी जीवाणू सापडतात. हे सारे बाहेरून मिसळलेले, अशी पूर्वी समजूत होती. २००३ साली माद्रिदच्या संशोधकांनी आईच्या दुधातून लॅक्टिक आम्ल तयार करणारे, म्हणजे दह्यातल्या जीवाणूंचे भाऊबंद वेगळे काढले, आणि या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. काही जीवाणू आईच्या त्वचेवरचे असतात, तर काही बाळाच्या तोंडातून येतात, कारण बाळ चोखत असताना थोडे दूध उलट दिशेनेही जाते. गंमत म्हणजे या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातील उपयुक्त जीवाणूंचे अन्न!

आता अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा विचार करू. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सहसा साधत नाही. म्हणून आई दूध वाटीत काढते आणि ते नळीने किंवा चमच्याने पाजतात. येथे हातावरचे आणि भांड्यातले जंतू दुधात शिरण्याची संधी साधतात. बाळाचे आतडे कोवळे असते. त्याला सूज येऊन त्याचा भाग मृत होण्याचा भयंकर रोग अशा बाळांनाच अधिक होतो.

एक गणित करू. दुधात १,००० जीवाणू आहेत आणि ते दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे धरा. चार तासांत आठ दुपटी, म्हणजे २,५६,०००! प्रत्यक्षात ताज्या दुधात पहिले काही तास इतकी वाढ होत नाही. दुधातील प्रतिपिंडे, लायसोझाइम आणि लोह पकडून ठेवणारे लॅक्टोफेरिन जीवाणूंना आवरून धरतात. वाटी स्वच्छ हवीच. पण दूधही स्वतःची राखण करते.

मग ते उकळून का देऊ नये? घरातली वडील माणसे हे हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. जीवाणू उष्णतेने मरतात, कारण त्यांच्यातील प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तसेच हे. पण प्रतिपिंडेही प्रथिनेच! उष्णतेला शत्रू-मित्र कळत नाही. म्हणून स्वतःच्या आईचे ताजे दूध बाळाला सहसा न तापवताच देतात.

आईला दूध पुरेसे नसेल तर दुसऱ्या मातेने दान केलेले दूध देता येते. शीव-पनवेल रस्त्याने मुंबई गाठली की शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय लागते. तेथे १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना डब्यातल्या पावडरीच्या दुधापेक्षा असे दूध दिल्यास आतड्याच्या त्या रोगाचा धोका कमी होतो. मात्र दूध परक्या मातेचे असल्याने येथे उष्णतेची मदत घ्यावीच लागते. ती किती, हाच भौतिकीचा भाग. दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे ठेवून झटपट थंड करतात आणि उणे २० अंशांना गोठवतात. एवढ्या तापमानाला रोगजंतू मरतात. प्रतिपिंडांचा बराचसा भाग टिकतो, त्या शर्करा तर जशाच्या तशा राहतात. चरबी पचवणारे विकर मात्र नष्ट होते, आणि दुधातले उपयुक्त जीवाणूही जातात.

काही जीवाणूंचे बीजाणू या उष्णतेलाही दाद देत नाहीत. म्हणून तापवलेल्या दुधाचा नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि त्यात वाढ दिसली तर ते दूध ओतून टाकतात.